प्रदर्शनपूर्व मौन आणि समीक्षेचा काळ

१

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही दिवस आधी तो समीक्षकांना स्वतंत्र खेळात दाखवावा आणि त्यांची परीक्षणे प्रदर्शनाच्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे वृत्तपत्रांत यावीत, ही रीत अमेरिकन आणि ब्रिटिश चित्रपटव्यवसायात दीर्घकाळ रुजलेली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा भंग झाल्यावरच तिचे अस्तित्व जाणवते. एखादा वितरक असा खेळ ठेवण्याचे नाकारतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एकच लावला जातो : चित्रपट वाईट आहे आणि ते वितरकाला ठाऊक आहे. हा अर्थ पुष्कळदा खराही असतो. परंतु तो पुरेसा नाही. चित्रपट वाईट असल्याचे दोन-तीन दिवसांत सर्वांना कळणारच असेल, तर तेवढ्या अवधीपुरते ते लपवून काय साधते? समीक्षकांच्या मतांचा प्रेक्षकांवर परिणाम होत नाही असे या व्यवसायातील मंडळी वारंवार सांगतात. मग त्याच समीक्षकांपासून चित्रपट दूर ठेवण्याची गरज त्यांना का भासावी? या प्रश्नांची उत्तरे केवळ त्या त्या चित्रपटाच्या गुणवत्तेत सापडत नाहीत. समीक्षकाच्या निर्णयाला कोणत्या काळी, कोणत्या मुदतीत, कोणते मोल येते याच्या इतिहासात ती शोधावी लागतात.

समीक्षकाला कलाकृती इतरांआधी मिळावी ही कल्पना चित्रपटाने निर्माण केलेली नाही. ग्रंथव्यवहारात अभिप्रायार्थ प्रत पाठविण्याची प्रथा फार जुनी आहे. मराठी नियतकालिकांतील ‘साभार पोच’ हे सदर त्या प्रथेचीच खूण होय. मात्र या प्रथेत एक गोष्ट गृहीत असते. पुस्तक वर्षानुवर्षे दुकानात आणि ग्रंथालयात राहते. परीक्षण सहा महिन्यांनी आले तरी त्याचा उपयोग संपत नाही. पाश्चात्त्य व्यावसायिक रंगभूमीवर स्थिती वेगळी होती. तेथे समीक्षक शुभारंभाच्या प्रयोगाला इतर प्रेक्षकांबरोबर बसत आणि त्याच रात्री घाईने परीक्षण लिहीत. नाटक चालणार की पडणार हे पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांवर ठरे. चित्रपटाने ग्रंथव्यवहाराकडून आगाऊ प्रत घेतली आणि रंगभूमीकडून तातडी घेतली. समीक्षकाने निवांतपणे आधी पाहावे, पण त्याचे मत मात्र पहिल्या दिवशीच छापून यावे, अशी ही मिश्र रचना होती. पुढील साऱ्या संघर्षाचे मूळ या मिश्रणात आहे.

या रचनेचा आणखी एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. चित्रपट आधी पाहण्याचा हक्क समीक्षकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. चित्रपटगृहांच्या मालकांना मात्र तो काही प्रमाणात कायद्याने मिळाला. चित्रपट न पाहताच तो घेण्याचा करार त्यांच्यावर लादला जात असे. ब्रिटनमध्ये १९२७ च्या चित्रपटविषयक कायद्याने या पद्धतीवर बंधने आणली आणि चित्रपट आधी व्यावसायिकांना दाखविणे आवश्यक केले. अमेरिकेत १९४० साली पाच मोठ्या निर्मितीसंस्थांनी सरकारशी केलेल्या न्यायालयीन तडजोडीत असेच खेळ ठेवण्याची अट होती. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहायोसह अनेक राज्यांनी न पाहता बोली लावण्याच्या सक्तीविरुद्ध कायदे केले. म्हणजे ज्याने पैसे गुंतवायचे त्याला पाहण्याचा हक्क मिळाला. ज्याने निर्णय द्यायचा, त्याला केवळ निर्मात्याचे आमंत्रण मिळत राहिले. समीक्षकाचे स्वातंत्र्य अशा रीतीने एका सौजन्यावर उभे होते. आणि सौजन्य केव्हाही मागे घेता येते.

२

ते मागे घेतले जाण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६० मधील आहे. मात्र त्याचा अर्थ समजण्यासाठी त्याच वर्षी थोडे आधी लंडनमध्ये घडलेली एक घटना विचारात घ्यावी लागते. एप्रिल १९६० मध्ये मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ तेथे प्रदर्शित झाला. स्त्रियांचा खून करताना त्यांच्या चेहऱ्यावरची भीती कॅमेऱ्यात टिपणारा तरुण हा त्याचा नायक. चित्रपट पाहणाऱ्याची नजर आणि खुनी माणसाची नजर यांतील अंतर पॉवेल यांनी जाणूनबुजून पुसट केले होते. ब्रिटिश वृत्तपत्रांतील समीक्षकांनी त्यावर जवळजवळ एकमुखाने झोड उठवली आणि वितरकाने चित्रपट लवकरच मागे घेतला. ‘द रेड शूज’सारखी कृती देणाऱ्या या दिग्दर्शकाची ब्रिटनमधील कारकीर्द त्यानंतर पूर्ववत झाली नाही. १९७९ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात मार्टिन स्कोर्सेसी यांच्या साहाय्याने तो पुन्हा दाखविला गेला, तेव्हा कोठे त्याच्या पुनर्मूल्यांकनाला बळ आले. आज तो युद्धोत्तर ब्रिटिश चित्रपटांतील एक प्रमुख कृती मानला जातो. वृत्तपत्रांच्या निर्णयाला काही दिवस पुरले होते. तो निर्णय दुरुस्त होण्यास सुमारे दोन दशके लागली.

‘पीपिंग टॉम’नंतर सुमारे दोन महिन्यांनी, १६ जून १९६० रोजी, आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ न्यूयॉर्कमधील डी मिल आणि बॅरोनेट या दोन चित्रपटगृहांत लागला. सुमारे ८ लाख डॉलरांत, दूरचित्रवाणीच्या कामाला सरावलेल्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने तो तयार झाला होता. हिचकॉक यांनी समीक्षकांसाठी स्वतंत्र खेळ ठेवला नाही. तिकीट काढलेल्या प्रेक्षकांबरोबर बसूनच त्यांना चित्रपट पाहावा लागला. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियमही घालण्यात आला आणि त्याची जाहिरात हिचकॉक यांच्याच छायाचित्रासह करण्यात आली. अमेरिकन प्रेक्षक तोवर खेळ चालू असताना कधीही आत शिरत आणि सुटलेला भाग पुढच्या खेळात पाहून बाहेर पडत. नायिका म्हणून ओळख करून दिलेली स्त्री अर्ध्याच्या आतच मारली जाते, ही या चित्रपटाची मूळ कल्पना त्या सवयीत टिकणे शक्य नव्हते.

दोन्ही निर्बंधांचे उघड कारण एकच होते : कथेतील गुपित फुटू नये. ते कारण खोटे म्हणता येणार नाही. जाहिरातीचा हेतूही नाकारता येणार नाही. पण साहित्यशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. जेरार जेनेत यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात संहितेच्या उंबरठ्यावरील मजकुराचा विचार केला आहे. शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ, मुलाखती यांसारख्या गोष्टी वाचकाला संहितेत प्रवेश देतात आणि तो प्रवेश कोणत्या दारातून व्हावा हेही ठरवतात. प्रदर्शनाच्या दिवशीचे परीक्षण लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या हातचे नसल्यामुळे जेनेत यांच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही. पण प्रेक्षकाच्या दृष्टीने तेही उंबरठ्यावरच उभे असते. हिचकॉक यांनी उंबरठ्यावरील इतर सर्व मजकूर स्वतःच्या ताब्यात घेतला आणि जो ताब्यात येणारा नव्हता तो काही काळ रोखून धरला. प्रेक्षकाने कोणत्या अपेक्षांसह आत यावे हे कलाकृतीच्या रचनेचाच भाग आहे, असा दावा त्यामागे अंतर्भूत होता. हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना साहित्येतिहासाच्या संदर्भात मांडली ती १९६७ च्या सुमारास. एका व्यावसायिक दिग्दर्शकाने त्या क्षितिजाचे व्यवस्थापन तत्पूर्वीच करून दाखविले होते.

समीक्षकांची प्रतिक्रिया बोलकी आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी आरंभी थंडपणे लिहिले. वर्षअखेरीस मात्र त्यांनीच त्या वर्षीच्या दहा उत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत ‘सायको’चा समावेश केला. लंडनच्या ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये १९२८ पासून लिहिणाऱ्या सी. ए. लेजून या चित्रपट संपण्यापूर्वीच उठून गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ते सदर सोडले. समीक्षकांच्या नाराजीत केवळ चित्रपटाविषयीची नापसंती नव्हती. आपला दर्जा काढून घेतला गेल्याची जाणीवही तिच्यात मिसळली असावी. रिकाम्या सभागृहात, आपल्यासारख्याच दहा-वीस जणांसमवेत चित्रपट पाहणारा समीक्षक प्रेक्षकांच्या प्रतिसादापासून सुरक्षित असतो. आता त्याला किंचाळणाऱ्या गर्दीत बसावे लागले. तेथे आपला अनुभव आणि गर्दीचा अनुभव वेगळे करणे त्याला कठीण झाले.

म्हणून १९६० मधील मौनाचा अर्थ संमिश्र आहे. त्याने समीक्षकाचा विशेषाधिकार काढून घेतला, पण त्याला निर्णयापासून वंचित केले नाही. ‘सायको’ आधी दोन चित्रपटगृहांत लागला आणि मग हळूहळू इतरत्र पसरला. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना परीक्षण मिळाले नाही, तरी नंतरच्या बहुसंख्य प्रेक्षकांना ते उपलब्ध होते.

३

हळूहळू पसरण्याची ही पद्धत समीक्षेच्या दृष्टीने किती मोलाची होती, हे १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’वरून दिसते. आर्थर पेन यांच्या या चित्रपटावर क्राउदर यांनी कठोर टीका केली. ‘न्यूजवीक’चे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही प्रथम प्रतिकूल लिहिले, पण चित्रपट पुन्हा पाहून पुढच्याच अंकात त्यांनी आपला निर्णय चुकल्याची कबुली दिली. ऑक्टोबरमध्ये पॉलिन केल यांचा प्रदीर्घ निबंध ‘न्यूयॉर्कर’मध्ये आला. चित्रपटाविषयीचे मत पालटले, तो नव्याने प्रदर्शित झाला आणि मोठा यशस्वी ठरला. क्राउदर यांचे दीर्घकाळचे पद १९६८ च्या आरंभी संपुष्टात आले. या घटनाक्रमाचा अर्थ केल विजयी झाल्या एवढाच नाही. वाद घडण्याइतका, मत बदलण्याइतका आणि बदललेल्या मताचा प्रेक्षकांना उपयोग होण्याइतका काळ चित्रपटाला मिळाला, हा त्याचा खरा अर्थ आहे.

तो काळ १९७५ नंतर आटत गेला. २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ अमेरिकेत ४०९ चित्रपटगृहांत एकाच दिवशी लागला. त्याआधीच्या रात्रींमध्ये दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा मारा करण्यात आला होता. अनेक चित्रपटगृहांत एकदम प्रदर्शन करण्याची पद्धत त्यापूर्वीही होती; पण तिचा वापर बहुधा दुय्यम किंवा शंकास्पद मालासाठी, वाईट बोलबाला पसरण्याआधी पैसे गोळा करण्यासाठी होई. ‘जॉज’ चांगला चित्रपट होता आणि त्याची परीक्षणेही पुष्कळशी अनुकूल होती. त्याच्या यशाने ही पद्धत प्रतिष्ठित केली. पुढील दशकांत चित्रपटगृहांची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली. पहिल्या आठवड्यांच्या उत्पन्नात वितरकाचा वाटा अधिक आणि नंतर तो उतरता, अशा स्वरूपाचे करार रूढ असल्यामुळे पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्याला निर्णायक महत्त्व आले. जाहिरातीचा मोठा खर्च प्रदर्शनापूर्वीच होऊन जातो. त्या तीन दिवसांत जे ठरते ते फारसे बदलत नाही.

या व्यवस्थेत परीक्षणाचे काय होते? जेहोशुआ एलियाशबर्ग आणि स्टीव्हन शुगन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की समीक्षकांच्या मतांचा संबंध चित्रपटाच्या नंतरच्या आणि एकूण उत्पन्नाशी दिसतो, आरंभीच्या आठवड्यांतील उत्पन्नाशी तितका दिसत नाही. यावरून समीक्षक प्रेक्षकांना वळवत नाहीत, ते त्यांच्या आवडीचा केवळ अंदाज वर्तवतात, असा निष्कर्ष त्यांनी सुचविला. वितरकांचे वर्तन मात्र या निष्कर्षाला सरळ साथ देत नाही. परिणामच होत नसेल तर लपविण्याचे कारण उरत नाही.

४

लपविण्याची उदाहरणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ठळक होत गेली. ऑगस्ट १९९८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ हा जुन्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरील चित्रपट समीक्षकांना न दाखवता प्रदर्शित केला. परीक्षणे आली ती अत्यंत प्रतिकूल होती आणि चित्रपट पडला. मौनाने त्याला वाचविले नाही. २००६ पर्यंत अशा चित्रपटांची संख्या इतकी वाढली होती की रॉजर एबर्ट आणि रिचर्ड रोपर आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अशा चित्रपटांना बोट हलवून जाहीरपणे लाज आणण्याचा विनोदी प्रघात पाळत होते. भयपट, विडंबनपट आणि किशोरवयीन प्रेक्षकांसाठीचे विनोदी चित्रपट यांचा त्यांत विशेष भरणा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला ‘स्नेक्स ऑन अ प्लेन’ही समीक्षकांना आधी दाखविला गेला नाही; पण त्याची परीक्षणे मुळीच वाईट नव्हती. म्हणजे मौन हे नेहमीच निकृष्टतेची कबुली नसते. समीक्षा येथे अप्रस्तुत आहे, असे वितरकाने प्रेक्षकांना परस्पर सांगणे, हाही त्याचा एक अर्थ होऊ शकतो.

ऑगस्ट २००९ मधील ‘जी. आय. जो : द राइज ऑफ कोब्रा’ने या प्रकाराला नवे वळण दिले. पॅरामाउंटने तो बहुसंख्य वृत्तपत्रीय समीक्षकांना दाखविला नाही. सैनिकी तळावर आणि निवडक संकेतस्थळांच्या लेखकांना मात्र दाखविला. थोड्याच आठवड्यांपूर्वी याच संस्थेच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावर समीक्षकांनी कडाडून टीका केली होती आणि तरीही त्याने अमाप पैसा मिळविला होता. ‘जी. आय. जो’ने पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत ५ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. येथे मौन सर्वांसाठी सारखे नव्हते. कोणी बोलावे याची निवड केली गेली होती. निर्मात्याच्या सौजन्यावर उभ्या असलेल्या प्रथेचे हे तर्कशुद्ध टोक म्हणावे लागेल. आमंत्रण टिकवायचे असेल तर पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, अशी अपेक्षा त्यातून सूचित होते.

अर्थशास्त्राच्या रूढ सिद्धांतानुसार अशी लपवाछपवी फार काळ चालू नये. ज्याच्याकडे उत्तम माल आहे तो दाखवील; मग न दाखवणाऱ्यांतील त्यातल्या त्यात बऱ्या मालाच्या मालकालाही दाखवणे भाग पडेल; आणि शेवटी जो दाखवत नाही त्याचा माल सर्वांत वाईट, हे ग्राहक ओळखेल. अलेक्झांडर ब्राउन, कॉलिन कॅमेरर आणि डॅन लोव्हॅलो यांनी १,३०३ चित्रपटांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात याच्या उलट चित्र दिसले. समीक्षकांना न दाखवलेले चित्रपट सरासरीहून निकृष्ट होते. तरीही या मौनाचा संबंध देशांतर्गत उत्पन्नातील १० ते ३० टक्के वाढीशी दिसून आला आणि अशा चित्रपटांच्या प्रेक्षकांची निराशाही अधिक आढळली. काही प्रेक्षकांना मौनातून कोणतीच माहिती मिळत नाही. परीक्षण आलेले नाही हे त्यांच्या लक्षातच येत नाही. वाईट परीक्षण दिसते. न आलेले परीक्षण दिसत नाही. वितरकाचा लाभ या फरकात आहे.

५

या इतिहासावरून एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. वितरक आणि समीक्षक यांच्यातील झगडा निर्णयाच्या आशयापेक्षा त्याच्या मुहूर्तावरून अधिक आहे. डिसेंबर २०११ मधील एका प्रसंगाने ते निर्विवादपणे स्पष्ट केले. ‘न्यूयॉर्कर’चे डेव्हिड डेन्बी यांनी डेव्हिड फिंचर यांच्या ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’वरील परीक्षण वितरकाने ठरवून दिलेल्या तारखेपूर्वी छापले. परीक्षण अनुकूल होते. तरीही निर्माते स्कॉट रूडिन यांनी डेन्बी यांना आपल्या पुढील चित्रपटांचे खेळ बंद केले. प्रशंसासुद्धा ठरवून दिलेल्या वेळेआधी नको होती.

मराठीत ‘परीक्षण’ आणि ‘समीक्षा’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रस्तुत इतिहास त्यांतील भेद काटेकोर करण्यास मदत करतो. परीक्षण हे कालबद्ध कर्म आहे. तिकीट काढू पाहणाऱ्या माणसाला ते उद्देशून असते आणि तिकीट काढून झाल्यावर त्याचे ते विशिष्ट कार्य संपते. समीक्षा कलाकृती पाहिलेल्यांशी बोलते, आणि आधीच्या निर्णयाशी वाद घालणे हा तिच्या स्वरूपाचाच भाग असतो. ‘पीपिंग टॉम’ला परीक्षणाने बुडविले आणि समीक्षेने वर काढले. क्राउदर यांचा जूनमधील मजकूर परीक्षण होता. त्यांची डिसेंबरमधील यादी ही समीक्षेकडे टाकलेले पाऊल होती. मॉर्गनस्टर्न यांची कबुली त्या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. म्हणूनच तिला चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात स्थान मिळाले.

यावरून असा दिलासा घेणे सोपे आहे की मौनामुळे फक्त परीक्षणाची हानी होते, समीक्षा अबाधित राहते. हा दिलासा दोन कारणांनी अपुरा ठरतो. पहिले कारण नैतिक आहे. परीक्षण हे दुय्यम कर्म मानले तरी ते ज्याच्यासाठी केले जाते तो प्रेक्षक दुय्यम नाही. त्याच्या अनभिज्ञतेवर नफा मिळविला जात असेल, तर ते परीक्षणाचे सार्वजनिक कार्य खुंटल्यामुळेच घडते. उशिरा येणारी उत्तम समीक्षा त्याचे गेलेले पैसे परत करू शकत नाही. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. केल यांच्यासारख्यांची समीक्षा नियतकालिकांत जागा मिळवू शकली, कारण त्या नियतकालिकांना परीक्षणांची गरज होती. समीक्षेचा संसार पुष्कळ अंशी परीक्षणाच्या मिळकतीवर चालला. परीक्षणाची गरज ओसरली, म्हणजे समीक्षेला मिळणारी जागाही आक्रसते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ने अनेकांची परीक्षणे एका टक्केवारीत सामावण्याची सोय केली, तेव्हा परीक्षणाचा निर्णय शिल्लक राहिला आणि त्यामागील युक्तिवाद वाचण्याची गरज कमी झाली.

हिचकॉक यांनी समीक्षकाला गर्दीत बसविले, तेव्हा त्याच्याकडून एक खुर्ची काढून घेतली आणि नकळत एक शक्यता त्याच्या हाती दिली. आमंत्रणाविना, स्वतः काढलेल्या तिकिटावर, इतरांबरोबर पाहून लिहिणारा समीक्षक कोणाच्या सौजन्याचा ऋणी नसतो. तो पहिला नसतो. त्याला ठरवून दिलेली तारीख पाळावी लागत नाही. त्याला कोणी वगळूही शकत नाही. ही शक्यता बहुतेकांना अधिकारभंग वाटली, कारण अग्रक्रम आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे तोवर त्यांना कळण्याचे कारण पडले नव्हते. पुढील पन्नास वर्षांत वितरकांनी अग्रक्रम पुनःपुन्हा हिरावून घेतला. अधिकार हिरावून घेणे त्यांच्या हाती नव्हते. पण तो अधिकार समीक्षकाने प्रत्येक लेखात युक्तिवादाच्या बळावर नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा काळ व जागा त्याला कोण देणार हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.